खिसे कमी करा, पिशव्या वाढवा

पत्र: मी झाडांच्या छाटणीचं काम करतो. दोर, हार्नेस (अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज), कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), कप्प्या, फेकदोरी (दोर फांदीवरून नेण्याआधी फेकायची बारीक दोरी), करवत असं सगळं सामान सध्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून नेतो. तयार पिशव्या पाहिल्या, पण एकही मनाला पटली नाही. घरात आईचं शिलाई मशीन आहे आणि मला सरळ टीप बऱ्यापैकी मारता येते. पाठीवर घ्यायची एकच मोठी पिशवी शिवायची, तिला बारा-पंधरा खिसे, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, असं चित्र कागदावर काढून ठेवलंय. कापड कोणतं घेऊ? घरगुती मशीन एवढं जाड कापड ओढेल का? आई म्हणते, मशीनचं वाटोळं करशील. जाता जाता आणखी एक: हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्याची शिलाई थोडी उसवली आहे. मशीन काढणारच आहे, तर तीही मारून घेऊ का?
— खोडकर

प्रिय खोडकर,

तुमच्या पत्राला शेवटच्या ओळीपासून उत्तर देतो. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. हार्नेसला सुई लावू नका, आणि तो हार्नेस घालून उद्या झाडावर चढूही नका.

कारखान्यातली ती शिलाई ठरावीक जाडीच्या दोऱ्याने, ठरावीक आकृतीत घातलेली असते आणि तशाच शिवलेल्या नमुन्यावर भार टाकून तपासलेली असते. तुमची टीप वरून हुबेहूब तशीच दिसेल. ती किती भार पेलेल हे मात्र तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. शिवाय सुई नव्याने जिथे जिथे घुसेल तिथे पट्ट्याचे काही धागे तिच्या टोकाने दुखावतील. मूळ प्रश्न तर राहतोच: ती शिलाई उसवली कशाने? खोडावर घासून, वर्षानुवर्षांच्या उन्हाने, बॅटरीच्या ॲसिडचा थेंब पडून, की करवत लागून? शिलाईला जे लागलं ते शेजारच्या पट्ट्यालाही लागलेलं असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. फोटो काढून उत्पादकाला पाठवा आणि तो सांगेल तसं करा. कापडी साधनांना बरेच उत्पादक बनवल्या तारखेपासून जास्तीत जास्त १० वर्षांची मुदत देतात, मग ते साधन वापरलेलं असो वा पेटीत पडलेलं. पट्ट्यावरच्या लेबलवर ती तारीख असते, तीही बघा. हार्नेस टाकायचा ठरला तर पट्टे कापून मगच टाका. आख्खा टाकलेला हार्नेस कोणीतरी उचलतो आणि घालतो.

म्हणजे रेघ अशी: जे तुटल्यावर माणूस पडेल ते घरी शिवायचं नाही. लॅनयार्ड (खोडाभोवती टाकून हार्नेसला अडकवायचा आखूड दोर), प्रुसिकचे फास (मुख्य दोरावर पकड घेणारे), दोराने साल घासू नये म्हणून फांदीवर टाकायचा कॅम्बियम सेव्हर हे सगळं त्यात आलं. जे तुटल्यावर सामान पडेल ते खुशाल शिवा, पण खाली कोणीतरी उभं आहे असं धरून शिवा.

या रेघेपलीकडून एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. हार्नेसवरची भार घेणारी शिलाई मुद्दाम पट्ट्याहून वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात असते, तुटलेला टाका तपासताना लगेच नजरेत यावा म्हणून. पिशवी ज्या ज्या जागी उचलली जाते किंवा टांगली जाते तिथे तुम्हीही तेच करा. काळ्या पट्ट्यावर पांढरा किंवा पिवळा दोरा. देखणं दिसतं की नाही हा प्रश्न नंतरचा.

आता तुमचं चित्र. पंधरा खिशांची पिशवी कागदावर फार ऐटबाज दिसते, आणि ज्याने कधी पिशवी शिवलेली नाही तो माणूस नेमकी हीच काढतो. प्रत्येक खिशामागे तीन-चार शिवणी येतात, आणि प्रत्येक शिवणीच्या आत भुसा, काड्या आणि चीक साठायला एक कोपरा. त्याहून मोठी अडचण म्हणजे दोर आणि करवत, हार्नेस आणि तेलाने माखलेली कप्पी हे सगळं एकाच छताखाली येतं. खिशाची एक शिवण उसवली की पातं दोरावर. झाडाखाली काम करताना हे सामान एकदम लागतही नाही. आधी फेकदोरी लागते, मग दोर, मग अंगावरचं सामान, आणि खाली उतरल्यावर दोर ओला असतो पण कॅराबिनर कोरडे ठेवायचे असतात. एकाच पिशवीत हे सगळं घातलं की दर वेळी पूर्ण पिशवी उपसावी लागते.

म्हणून माझा सल्ला: मोठी पिशवी सोडा. दोराची एक, फेकदोरीची एक, धातूच्या सामानाची एक, अशा तीन साध्या पिशव्या शिवा. हार्नेससाठी जाळीची चौथी शिवलीत तर उत्तमच, कारण घामाने भिजलेला हार्नेस बंद पिशवीत कुबट होतो. करवत आणि स्पाइक (खोडावर चढायला पायाला बांधायचे काटे) यांचं वेगळं बघू. एकत्र वाहून न्यायचं असेल तर या पिशव्या एका मोठ्या हलक्या थैलीत टाका. त्या थैलीत खिसे नसले तरी काही बिघडत नाही.

सुरुवात दोराच्या पिशवीने करा. तिची गरज सगळ्यात जास्त आहे आणि शिवताना हातही तिच्यावरच बसतो. खरं तर सिमेंटची गोणी आजच बंद करायला हवी. सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते आणि तीव्र अल्कली पॉलिएस्टरला सोसत नाही. झाडावर चढायच्या बहुतेक दोरांचं बाहेरचं आवरण पॉलिएस्टरचंच असतं. त्याहून वाईट म्हणजे ते बारीक कण विणीत शिरतात आणि दोर वाकेल तिथे आतून तंतू कापत राहतात. पिशवी शिवून होईपर्यंत दोर एखाद्या स्वच्छ, कोरड्या बादलीत ठेवा. बादली ही दोराची वाईट पिशवी अजिबात नाही. तोंड उघडं, आतून गुळगुळीत, कोपरे नाहीत. आपल्याला शिवायची आहे ती खांद्यावर घेता येणारी आणि पाणी धरून न ठेवणारी बादली, एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मं बेतणं झालं.

मापाचा हिशोब असा. दोर १२ मिलीमीटर जाड आणि ४५ मीटर लांब असेल तर त्याचं नुसतं घनफळ ५ लिटर भरतं. पण दोर गुंडाळी करून ठेवायचा नसतो. हातातून सोडत सोडत, पडेल तसा आत भरायचा असतो. त्यामुळे पीळ बसत नाही आणि बाहेर येताना गुंता होत नाही. असा सैल पडलेला दोर तिप्पट-चौपट जागा घेतो, म्हणजे १५ ते २० लिटर. व्यास २८ सेंटीमीटर आणि उंची ४० सेंटीमीटर धरली तर पिशवी साधारण साडेचोवीस लिटरची होते. वर हात घालायला जागा राहते. ६० मीटरचा दोर असेल तर उंची वाढवा, व्यास तोच ठेवा. फार रुंद पिशवी पाठीवर डुलते.

२८ व्यासाचा घेर ८८ सेंटीमीटर. प्रत्येक शिवणीला १.२ सेंटीमीटर माया (शिवणीपलीकडे सोडायचं जादा कापड) धरली तर अंगाचं कापड ९०.४ सेंटीमीटर रुंद, आणि उंचीला ४० अधिक तळाची माया १.२ अधिक तोंडाच्या दुमडीचे ४, म्हणजे ४५.२ सेंटीमीटर बेतायचं. तळाचा गोल ३०.४ व्यासाचा कापायचा. गोल तळ शिवायची भीती वाटत असेल तर २२ बाय २२ चा चौरस तळ घ्या, घेर तोच ८८ येतो. फक्त त्याच कापडात पिशवी साडेएकोणीस लिटरची होते, म्हणजे पाच लिटर हातचे गेले. शिवाय चार कोपऱ्यांत पालापाचोळा अडकतो तो वेगळा. मी तरी म्हणेन गोलच करा. पहिला गोल थोडा वाकडा आला तरी दोर भरल्यावर कोणाला दिसत नाही.

कापडाबद्दल. नायलॉनच्या जाड कापडावर ५०० किंवा १००० डेनियर असा आकडा असतो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे आकडा मोठा तसा धागा जाड. अंगाला १००० डेनियरचं, आतून लेप दिलेलं कॉर्ड्युरासारखं कापड घ्या. खरखरीत सालीवर घासून ते सहजासहजी फाटत नाही आणि घरच्या मशीनला चार पदरांपर्यंत झेपतं. तळाला ताडपत्रीचं पीव्हीसी लेपाचं पॉलिएस्टर घ्या, दुहेरी. ते उसवत नाही आणि चिखल पुसला की निघतो. पूर्ण पिशवी पीव्हीसीची केलीत तर टिकेल खूप, पण ती श्वास घेत नाही आणि थंडीत ताठ होते. आतल्या पॉलियुरेथेनच्या लेपाचंही एक दुखणं आहे: दमट जागी वर्षानुवर्षं बंद पडून राहिला की तो चिकट होऊन सुटायला लागतो. असा चिकटा दिसला की पिशवी बदला, दोराला तो लागू देऊ नका.

जुन्या कापडातून करायचं मनात असेल तर नीट निवडा. जाहिरातींचं फ्लेक्स दिसायला ताडपत्रीसारखं असतं, पण घडीवर तडकतं. जुनी जीन्स आणि सुती कॅनव्हास शिवायला गोड, पण पाणी पितात, वाळत नाहीत आणि बुरशी धरतात. जुनी ताडपत्री चालते, मात्र आधी तिचा कोपरा हाताने फाडून बघा. जोर न लावता फाटली तर उन्हाने तिचा जीव गेलेला आहे.

रंग भडक घ्या. पाचोळ्यात काळी-हिरवी पिशवी शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि वरून कापलेली फांदी कुठे सोडायची हे ठरवताना खाली सामान कुठे पडलंय ते दिसायला हवं. आतून मात्र फिका रंग हवा, म्हणजे तळाशी पडलेली छोटी वस्तू दिसते.

आता मशीन. आईची भीती अगदीच निराधार नाही. जाड ठिकाणी पायाने जोर लावला की सुई वाकते, वाकलेली सुई खालच्या हूकवर आदळते आणि मशीनचा ताल बिघडतो. मग टाके सुटायला लागतात आणि ते दुरुस्त करायला कारागीरच लागतो. हे टाळणं तुमच्या हातात आहे. डेनिमची १०० नंबरची, म्हणजे जुन्या मोजणीत १६ ची सुई लावा. पट्टा आणि कापड मिळून जाड होत असेल तर ११० किंवा १८ ची. टाका साडेतीन ते चार मिलीमीटर लांब ठेवा. बारीक टाके मारले की मजबुती येते असं वाटतं, पण लेपाच्या कापडात जवळजवळची भोकं तिकिटाच्या कडेसारखी फाटतात. जाडीचा उंचवटा आला की पायडलवरून पाय काढून घ्या आणि चाक हाताने फिरवा. कापड दाबून धरणारं फूट पुढून वर उचललं जात असेल तर मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, म्हणजे फूट सपाट बसतं. हाताने चाक फिरवूनही सुई आत जात नसेल तर ती जागा मशीनची नाही. तिथे आरी आणि मेणवलेला दोरा घ्या, दोन सुयांनी एकाच भोकातून दोन्हीकडून ओवत टाके घाला. त्या शिवणीत एक टाका तुटला तरी ओळ सुटत जात नाही. मशीन जुनं, लोखंडी, फक्त सरळ टीप मारणारं असेल तर नशीबवान आहात. प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांचं नवं मशीन याहून नाजूक असतं.

भरधाव शिवू नका. घर्षणाने सुई तापते आणि सिंथेटिक दोरा वितळून तुटतो, आणि आपण उगाच दोऱ्याला नावं ठेवतो.

दोरा बॉन्डेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) पॉलिएस्टर, टेक्स ७० चा. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. रोजच्या कपड्यांचा दोरा ३० टेक्सच्या आसपास असतो, तो इथे पुरणार नाही. बॉन्डेड नायलॉनही मजबूत असतो, पण उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतं आणि तुमची पिशवी उन्हातच राहणार आहे. ७० च्या वर जाऊ नका, घरगुती मशीनची ती साधारण हद्द आहे. त्याच कापडाच्या चिंध्यांवर आधी टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचा ताण वाढवा. ताणाची चकती आणि बॉबिन केसचा स्क्रू मुळात कुठे होता त्याचा फोटो सुरुवातीलाच काढून ठेवा आणि काम झाल्यावर तिथे परत आणा. आईच्या ब्लाउजवर तुमच्या पिशवीचा ताण उमटला तर मग तुमची खैर नाही.

लेपाच्या कापडाला टाचण्या टोचू नका, भोक कायमचं राहतं. कागदाच्या क्लिपा लावा. आणि शिवायच्या आधीच अंगाच्या सपाट कापडावर जे जे लावायचं आहे ते सगळं लावून घ्या: पट्टे, त्यांच्यामागचे आधाराचे तुकडे, नावाची पट्टी. एकदा नळकांडं झालं की मशीनचा हात आत पोहोचत नाही.

उचलायचा पट्टा हा या पिशवीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण पिशवी तुम्ही कधी ना कधी दोराला अडकवून वर ओढणार. नुसत्या तोंडाशी शिवलेल्या बंदावर भार आला की कापड फाटतं. त्यामुळे २५ मिलीमीटरचा पॉलिएस्टर पट्टा पिशवीच्या एका बाजूने खाली, तळाखालून, समोरच्या बाजूने वर असा यू आकारात न्यायचा, म्हणजे वजन पट्टाच उचलतो आणि शिवणीला फक्त त्याला जागेवर धरून ठेवायचं काम राहतं. व्यवहारात हे दोन तुकड्यांत करा. दोन्ही तुकडे अंगाच्या सपाट कापडावर, एकमेकांपासून बरोबर ४४ सेंटीमीटरवर उभे लावा. वर तोंडापलीकडे १० सेंटीमीटरचा फास सोडा. खाली कडेच्या शिवणरेषेआधी ३ सेंटीमीटरवर टीप थांबवा आणि तिथून पुढे २१ सेंटीमीटर टोक सुटं ठेवा. तळ जोडून झाल्यावर ही दोन टोकं तळाखाली ८ सेंटीमीटर एकमेकांवर येतात. तिथे चौकट आणि मध्ये फुली अशी शिवण आरीने हाताने घाला. वरचे दोन्ही फास एकाच कॅराबिनरमध्ये घेतले की पिशवी सरळ उभी वर जाते. एकाच फासाला टांगलेली पिशवी कलते आणि आतलं सगळं खालच्या माणसाच्या डोक्यावर रितं होतं.

पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा स्वस्त असतो आणि पाणी धरत नाही, पण उन्हाने लवकर विरतो. पट्ट्याची टोकं ज्योतीवर वितळवून बंद करताना तो पटकन पेटही घेतो, कारण त्याचा वितळणबिंदू १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि पॉलिएस्टरचा २५० च्या पुढे. कोणताही पट्टा असो, वितळलेली कड गरम असतानाच धातूच्या पट्टीखाली दाबून चपटी करा. थंड झालेली खडबडीत कड काचेसारखी धारदार होते आणि ती दोराला लागायला नको.

पाठीवरचे पट्टे चार सेंटीमीटर रुंद पुरेत. ४५ मीटर दोराचं वजन चार किलोच्या आसपास असतं, त्यासाठी फोम-गादीचा थाट नको. खालची टोकं तळाच्या शिवणीत दोन कापडांच्या मध्ये धरा, वरची तोंडाच्या दुमडीखाली, आतून आधाराचा तुकडा देऊन.

मग अंगाची उभी शिवण. एक टीप मारा, दोन्ही माया एका बाजूला वळवा आणि त्यांच्यावरून दुसरी टीप. आता तळ. गोलाच्या कडेवर आणि नळकांड्याच्या कडेवर समान अंतराने आठ खुणा खडूने करा. नळकांड्याच्या मायेला दर दोन सेंटीमीटरवर आठ मिलीमीटर खोल काप द्या. त्याहून खोल नको, नाहीतर काप शिवणीच्या बाहेर येईल. खुणेला खूण जुळवून क्लिपा लावा. गोल खाली सपाट, काप दिलेलं अंग वर, अशी मशीनवर घ्या. पहिली फेरी लांब टाक्यांची कच्ची मारा आणि उलटून बघा. चुण्या आल्या असतील तर तेवढाच भाग उसवून परत. जमलं की पक्की टीप, मग मायेच्या आत दुसरी टीप, आणि वरून गोट. गोट विसरू नका. नायलॉनचे सुटलेले धागे दोराला गुंडाळले जातात आणि दोराबरोबर कप्पीपर्यंत पोहोचतात.

तळाला पितळी आयलेट (भोकाला बसवायच्या कड्या) चार तरी ठोका, साधारण एक सेंटीमीटरची, कडेपासून थोडी आत. ओला दोर भरल्यावर पाणी कुठेतरी निघून गेलं पाहिजे. तरीही ओला दोर पिशवीत मुक्कामाला ठेवू नका. सावलीत, वारा लागेल असा पसरून वाळवा.

तोंड आपोआप उघडं राहायला हवं, नाहीतर दोर भरताना तिसरा हात लागतो. तोंडाच्या चार सेंटीमीटरच्या दुमडीतून एक सेंटीमीटर आत वळवला की तीन सेंटीमीटरचा नेफा होतो. त्यातून १६ मिलीमीटरची ठिबकची काळी नळी घाला आणि तिची दोन टोकं आत लाकडी खुंटी ठोकून जोडा. बंद करायला हलक्या नायलॉनची २५ सेंटीमीटर उंच कॉलर आतून नेफ्याच्या टिपेतच धरा आणि तिच्या वरच्या कडेला नाडी. चेन लावू नका, भुसा आणि चीक बसला की ती अडकते. व्हेलक्रो तर मुळीच नको. त्याची आकड्यांची बाजू दोराच्या विणीतले तंतू ओढून काढते.

आत तळाशी पट्ट्याचा एक छोटा फास ठेवा. दोराचं खालचं टोक त्याला सैल बांधायचं, म्हणजे पिशवी उपडी झाली तरी टोक हरवत नाही. या फासाचा भरवसा धरून दोराच्या टोकाची अडथळ्याची गाठ (दोर संपला तरी टोक निसटू न देणारी) मात्र टाळू नका. ती गाठ तुमच्या जिवासाठी आहे, फास फक्त शोधाशोध वाचवतो. बाहेरच्या बाजूला एक पांढरी कापडी पट्टी शिवा आणि दोराची लांबी, जाडी, बनवल्याची तारीख आणि पहिल्यांदा वापरल्याची तारीख तिच्यावर लिहा. दोरावर मार्करने लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण शाईतले द्रावक दोराला काय करतील याची खात्री देता येत नाही. खिसा म्हणाल तर या पिशवीला हा एवढाच.

फेकदोरीची पिशवी म्हणजे पिशवीपेक्षा उघडा डबा. दोन मिलीमीटर जाडीची ५०-६० मीटर दोरी वजनामागून सुसाट बाहेर जायची असते, त्यामुळे आत एकही बक्कल, नाडी किंवा शिवणीचा फुगवटा नको. ३५ ते ४० सेंटीमीटर बाजूचा, वरून उघडा, चारही वरच्या कडांत ताठ तार किंवा नळी घातलेला चौकोनी डबा करा. शिवणीची माया बाहेरच्या बाजूला ठेवा, दिसायला उलटा शिवल्यासारखा दिसेल, दिसू द्या. दोरी गुंडाळून कधीच ठेवायची नाही, हातावर हात ओढत सरळ आत सोडायची.

फेकायचं वजनही घरी शिवता येतं आणि त्यात मजाही आहे. ३५० ग्रॅमच्या आसपासचं वजन बहुतेक कामांना चालतं. शिशाचे छर्रे वापरू नका. पिशवी फाटली की ते झाडाखाली सांडतात, आणि शिसं विषारी आहे. पोलादी छर्रे घ्या. त्यांच्यामध्ये पोकळी राहते हे धरून ३५० ग्रॅमला साधारण ७५ घन सेंटीमीटर जागा लागते, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर व्यासाची, आठ सेंटीमीटर लांब नळी. आत एक पिशवी, बाहेर दुसरी, दोन्हींची शिवण वेगवेगळ्या बाजूला, टोकं निमुळती म्हणजे बेचक्यात अडकत नाहीत. वर पट्ट्याच्या फासात धातूची कडी. फेकताना हेल्मेट घाला आणि खाली उभ्या असणाऱ्यांनाही घालायला लावा. फांदीला लागून ते थेट तुमच्याकडेच परत येतं.

धातूच्या सामानाला काहीही चालेल. दोराच्या पिशवीच्या निम्म्या मापाची, आतून फिक्या रंगाची, नाडीची एक थैली, आणि आत भिंतीला एक आडवा पट्टा दर पाच-सहा सेंटीमीटरवर टीप मारून, म्हणजे कॅराबिनर ओळीने टांगता येतात. यापेक्षा जास्त डोकं तिथे चालवू नका.

करवतीसाठी कापडी म्यान शिवायचा मोह होईल. शिवायचंच असेल तर अग्निशमनाच्या जुन्या होजचा तुकडा घ्या, आत रबराचं अस्तर असलेला. त्याच्या दोन्ही कडा मुळातच बंद असतात, तुम्हाला फक्त खालचं टोक आरीने शिवायचं आहे. स्पाइकचे काटे मात्र कुठलंही कापड भेदतात. त्यांच्या टोकांवर आधी त्याच होजचे छोटे तुकडे किंवा लाकडाचे गुटके घट्ट बसवा आणि मग ते वेगळ्या थैलीत न्या, दोराच्या आणि हार्नेसच्या सामानात नाही. चेनसॉचं तेल आणि इंधन यांनाही हाच नियम.

दोराची पिशवी तयार झाली की तिच्यात १५ किलो वाळू घाला, वाळू एखाद्या मजबूत थैलीत बांधून. दोन फासांनी एका कॅराबिनरला अडकवून जमिनीपासून वीतभर उंच रात्रभर टांगून ठेवा. सकाळी तळाखालची फुली, फासांची मुळं आणि गोटाच्या आतली शिवण बघा. टाक्यांची भोकं लांबट झालेली दिसली तर तिथे आतून आणखी एक तुकडा देऊन पुन्हा शिवा आणि परत टांगा.